‘मैदान’ आणि ‘झुंड’ : भारतीय फुटबॉलचा इतिहास व भवितव्य – एक चिकित्सा

प्रस्तावना

भारतीय फुटबॉलचा विषय निघाला की दोन सूर हमखास ऐकू येतात. एक गतवैभवाचा आणि दुसरा आशेचा. ‘एके काळी आपण आशियाचे विजेते होतो’ हा पहिला सूर, तर ‘एवढ्या मोठ्या देशात अकरा खेळाडू सापडू नयेत का?’ हा दुसरा. अलीकडच्या काळात हिंदी चित्रपटाने या दोन्ही सुरांना पडद्यावर आणले. अमित शर्मा दिग्दर्शित ‘मैदान’ (२०२४) हा प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या कारकिर्दीवर आधारित चित्रपट भूतकाळाकडे पाहतो. नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘झुंड’ (२०२२) हा नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कार्यावर बेतलेला चित्रपट भविष्याकडे बोट दाखवतो.

प्रस्तुत लेखात या दोन चित्रपटांची चिकित्सा करून त्यांच्या आधारे भारतीय फुटबॉलच्या इतिहासाचा आणि भवितव्याचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचे मध्यवर्ती प्रतिपादन असे की, दोन्ही चित्रपट खेळाचे श्रेय एका प्रशिक्षकाच्या ध्यासाला देतात. प्रत्यक्षात मात्र फुटबॉल उभा राहिला तो मैदान खुले ठेवणाऱ्या आणि वर्षभर सामने भरवणाऱ्या संस्थांच्या बळावर, आणि या संस्था खचल्या तेव्हा तो खचला. हा प्रश्न परभणीसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयांना दूरचा वाटेल. परंतु तो त्यांच्या फाटकापर्यंत येऊन पोहोचतो.

परभणी आणि हैदराबादचा फुटबॉल

मराठवाड्यातील वाचकाने ‘मैदान’ पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हा चित्रपट ज्या हैदराबादची कथा सांगतो, त्याच राज्यात परभणी जिल्हा होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाल्यावरही १९५६ पर्यंत परभणी हैदराबाद राज्याचाच भाग राहिली. उच्च शिक्षण, सरकारी नोकरी आणि वरचे न्यायालय यांसाठी येथील माणसे मनमाड–काचीगुडा रेल्वेमार्गाने हैदराबादला जात. मराठवाडा विद्यापीठ औरंगाबादला स्थापन झाले ते १९५८ मध्ये. तोपर्यंत येथील विद्यार्थ्यांचे विद्यापीठ म्हणजे उस्मानिया.

हीच वर्षे हैदराबादच्या फुटबॉलच्या भरभराटीची होती. हैदराबाद सिटी पोलीस या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना होऊन परभणी द्वैभाषिक मुंबई राज्यात आली. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव करून उपांत्य फेरी गाठली. त्या संघाचे प्रशिक्षक रहीम हैदराबादचे होते आणि तुळशीदास बलराम यांच्यासह अनेक खेळाडूही हैदराबाद–सिकंदराबादचे होते. त्या सामन्यात तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा मात्र मूळचे गोव्याचे आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारे. म्हणजे ज्या राज्यातून परभणी बाहेर पडली आणि ज्या राज्यात ती आली, त्या दोन्हींच्या राजधान्या तेव्हा फुटबॉलच्या होत्या. आज मराठवाड्याच्या क्रीडास्मृतीत कुस्ती आहे, कबड्डी आहे, खो-खो आहे. हा फुटबॉल मात्र नाही. राजधानीत खेळ बहरला, पण तो जिल्ह्यात उतरला नाही, हे या विसराळूपणाचे एक कारण मानता येईल. संस्थानाच्या मराठी भागात शाळाच मुळी विरळ होत्या. तेथे शाळांच्या संघांची साखळी उभी राहणे कठीणच होते.

‘मैदान’ : नायकाचा इतिहास

‘मैदान’ची कथा १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील पराभवापासून सुरू होते. युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले. बहुतेक भारतीय खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत होते. तेथून १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदकापर्यंतचा प्रवास चित्रपट मांडतो. अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले. पी. के. बॅनर्जी आणि डोक्याला टाके पडलेले जर्नेलसिंग यांनी गोल केले. रहीम कर्करोगाने आजारी होते. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, ते निवर्तले. एवढे नाट्य ज्या वास्तवात आहे, त्याला पडद्यावर आणणे हे या चित्रपटाचे पहिले यश होय. सामन्यांचे चित्रण, चेंडूच्या उंचीवर आलेला कॅमेरा, अजय देवगणचा संयत अभिनय आणि प्रतिकूल प्रेक्षकांनी भरलेले जकार्ताचे क्रीडागार यांमुळे शेवटचा भाग खिळवून ठेवतो. नव्या पिढीला रहीम हे नाव ठाऊक झाले, हेही श्रेय चित्रपटाला दिले पाहिजे.

परंतु इतिहास म्हणून पाहता चित्रपटाची मांडणी एकांगी ठरते. एका बाजूला ध्येयवेडा प्रशिक्षक आणि दुसऱ्या बाजूला प्रांतवादी, खुर्चीला चिकटलेले पदाधिकारी व दुष्ट पत्रकार, अशी सरळ विभागणी येथे केली आहे. हिंदी चित्रपटाला ही विभागणी सोयीची असते. वास्तवातील रहीम मात्र तिच्यात बसत नाहीत. ते शिक्षक होते आणि त्याचबरोबर १९४३ पासून मृत्यूपर्यंत, वीस वर्षे, हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव होते. म्हणजे ते स्वतः एक पदाधिकारीच होते. सामन्यांचे वेळापत्रक लावणे, स्थानिक स्पर्धा चालू ठेवणे, पोरांना संघ मिळवून देणे ही कामे ते करीत होते. चेंडू पायात घोळवण्यास मनाई करून लगेच पास देण्याची सवय लावणाऱ्या खास स्पर्धा त्यांनी हैदराबादमध्ये भरवल्या. पुढे भारतीय संघाच्या खेळात जी चपळाई दिसली, तिचे मूळ अशा स्थानिक स्पर्धांत होते.

चित्रपटात रहीम देशभर फिरतात आणि खेळाडू ‘हेरतात’. रत्नपारख्याने रत्न ओळखावे तसे हे प्रसंग रंगले आहेत. परंतु ही रत्ने कोणत्या खाणीत तयार झाली, हे चित्रपट विचारत नाही. सिकंदराबादच्या गरीब घरातला मुलगा बलराम होतो, त्यापूर्वी त्याला रोज संध्याकाळी खेळायला एखादे मैदान मिळालेले असते. पोलीस खाते खेळाडूला नोकरी देते म्हणून त्याच्या घरी चूल पेटते आणि तो सरावाला येऊ शकतो. हैदराबादच्या यशामागे खात्याची नोकरी, शाळांतील खेळ आणि वर्षभराच्या स्थानिक स्पर्धा हे तीन खांब होते. चित्रपटाचे नाव ‘मैदान’ आहे खरे, पण त्यात दिसते ते परदेशातील झगमगते क्रीडागार. हैदराबादचे धुळीचे मैदान पार्श्वभूमीपुरतेच उरते. त्यामुळे रहीम गेल्यावर भारतीय फुटबॉल का घसरला, या प्रश्नाला चित्रपटातून एकच उत्तर निघते : तसा माणूस पुन्हा झाला नाही. हे उत्तर श्रद्धांजली म्हणून ठीक आहे. कारणमीमांसा म्हणून ते अपुरे आहे.

‘झुंड’ : भिंतीचे दर्शन

‘झुंड’ या बाबतीत एक पाऊल पुढे जातो. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील प्राध्यापक विजय बोराडे (अमिताभ बच्चन) झोपडपट्टीतील मुलांना भर पावसात प्लास्टिकच्या डब्याने खेळताना पाहतात. चोऱ्यामाऱ्या आणि नशापाणी यांत अडकलेल्या या मुलांना ते पैसे देऊन खेळायला लावतात आणि खेळाची गोडी लागल्यावर पैसे बंद करतात. पुढे महाविद्यालयाच्या संघाशी सामना, मग देशभरातील झोपडपट्ट्यांतील संघांची स्पर्धा आणि अखेर परदेशातील स्पर्धेचे निमंत्रण, असा कथाप्रवास आहे. त्यामागील वास्तव असे की, हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये नागपुरात झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ सुरू केली. बेघरांच्या फुटबॉल विश्वचषकाची पहिली स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे झाली आणि पुढे नागपूरच्या या चळवळीतून भारतीय संघ त्या स्पर्धेत जाऊ लागले.

मंजुळे यांच्या चित्रपटातील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट म्हणजे एक भिंत. तिच्या एका अंगाला महाविद्यालयाचे हिरवे मैदान आहे आणि दुसऱ्या अंगाला वस्ती. भिंत ओलांडण्यास सक्त मनाई असल्याची पाटी तिच्यावर आहे. ‘मैदान’मध्ये अडथळा म्हणजे दुष्ट माणसे, ‘झुंड’मध्ये अडथळा म्हणजे रचना. ही रचना जातीची आहे, हे मंजुळे भाषणातून न सांगता आंबेडकर जयंतीच्या प्रसंगातून, मुलांच्या बोलीतून, त्यांच्याकडे पाहणाऱ्यांच्या नजरेतून दाखवतात. आदिवासी मुलगी मोनिका हिला पारपत्रासाठी आपण कोण आहोत हेच कागदोपत्री सिद्ध करता येत नाही. तिच्या वडिलांची कार्यालयांतून होणारी वणवण हा चित्रपटातील उत्कट भाग आहे. मैदानात उतरण्याआधी माणसाला नागरिक म्हणून मोजले जावे लागते, हे क्रीडापटांत सहसा न आढळणारे भान येथे आहे.

तरीही ‘झुंड’ शेवटी त्याच वाटेला जातो. तो संपतो विमानाच्या उड्डाणाने. विमान वस्तीवरून, त्या भिंतीवरून झेपावते. प्रतिमा म्हणून हा शेवट प्रभावी आहे, परंतु त्याचा अर्थ अस्वस्थ करणारा आहे. भिंत उभीच राहते. निवडलेले काही तिच्यावरून उडून जातात. जे निवडले गेले नाहीत त्यांना दुसऱ्या दिवशी कोठे खेळायचे, हा प्रश्न उरतो. मंजुळे यांनी तो जाणीवपूर्वक प्रेक्षकाच्या हाती ठेवला असावा, असे मानण्यास जागा आहे, कारण पाटीवरची अक्षरे ते शेवटीही विसरू देत नाहीत. मात्र कथेचा भार पुन्हा एका सहृदय प्राध्यापकावरच पडतो. न्यायालयातील त्यांचे भाषण, पारपत्रासाठी त्यांची धावपळ, त्यांनी मोडलेली पुंजी – सारे एकट्याचे. महाविद्यालय नावाची संस्था मात्र होती तशीच राहते.

संस्थांचा इतिहास : मुंबई, कोल्हापूर आणि जपान

या दोन्ही चित्रपटांत सुटलेला दुवा इतिहासात शोधावा लागतो. मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला. आरंभी तो गोऱ्या पलटणींचा होता. १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्स या संघाने प्रथमच तो भारतीयांकडे आणला. पुढे मफतलाल, ऑर्के यांसारख्या गिरण्या, टाटा, रेल्वे, एअर इंडिया यांचे संघ मुंबईत खेळत. गिरण्या बंद पडल्या, खेळाडूंची नोकरभरती आटली आणि रोव्हर्स चषकही २००१ नंतर भरला नाही. महिंद्र युनायटेड हा बलाढ्य संघ २०१० मध्ये विसर्जित झाला. या पडझडीला कोणा एका खलनायकाचे नाव देता येत नाही, आणि म्हणूनच तिच्यावर चित्रपट निघत नाही.

याउलट कोल्हापूरचा अनुभव आहे. तेथे फुटबॉल तालमींनी धरून ठेवला. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही नावे मूळची कुस्तीच्या वातावरणातील; आज ती फुटबॉल संघांची आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची साखळी स्पर्धा शाहू स्टेडियमवर भरते आणि पेठापेठांतून हजारो प्रेक्षक येतात. येथे संघ पेठेचा असतो, म्हणून मालक बदलला तरी तो गाव सोडून जात नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये दोषही आहेत. ईर्ष्या हाणामारीवर जाते, मुलींना त्यात जागा कमी आहे, आणि स्थानिक कीर्तीपलीकडे जाण्याची वाट अरुंद आहे. परंतु प्रायोजकांच्या कृपेवाचून मराठी मुलखात हा खेळ कसा टिकतो, याचा तो जिवंत पुरावा आहे.

दूरच्या उदाहरणाने हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. १९६२ च्या आशियाई स्पर्धेत भारताने जपानला २-० असे हरवले होते. जपानने १९६५ मध्ये कंपन्यांच्या संघांची राष्ट्रीय साखळी सुरू केली. ते संघ म्हणजे आपल्या टाटा–मफतलालसारखेच नोकरदारांचे संघ होते. १९९३ मध्ये त्यांतील प्रमुख संघांना एकेका शहराशी जोडून दहा क्लबांची व्यावसायिक साखळी उभारण्यात आली. १९९८ मध्ये जपान प्रथमच विश्वचषकात उतरला. आपल्याकडे कंपन्यांचे संघ बुडाले आणि २०१४ मध्ये नवी व्यावसायिक स्पर्धा वरून आली. तिच्यातील पुण्याचा संघ २०१९ मध्ये बंद पडला व त्याची जागा हैदराबादने घेतली. हैदराबादचा संघ २०२१-२२ च्या हंगामात विजेता ठरूनही २०२५ मध्ये दिल्लीला हलवला गेला. त्याच वर्षी व्यापारी हक्कांच्या करारावरून पेच उद्भवला आणि ही स्पर्धा वेळेवर सुरूच होऊ शकली नाही. जपानने जुन्या मुळांवर कलम केले. आपण मुळे वाळू दिली आणि कुंडीतली रोपे एका शहरातून दुसऱ्या शहरात नेत राहिलो.

भवितव्याचा प्रश्न आणि महाविद्यालयाचे मैदान

भवितव्याचा विचार आपल्याकडे बहुधा सोहळ्यांच्या रूपाने होतो. २०१७ च्या विश्वचषकाच्या तोंडावर, १५ सप्टेंबर रोजी, दहा लाख मुलांना एका दिवशी मैदानावर उतरवण्याचा उपक्रम महाराष्ट्र शासनाने राबवला. शाळांना चेंडू दिले गेले. उद्देश स्तुत्यच होता. पण चेंडू एका दिवसात वाटता येतो, सवय लावायला वर्षे लागतात. चेंडू कपाटात गेला की कार्यक्रम संपतो.

खरा दोष स्पर्धांच्या बांधणीतच आहे. शालेय आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात. सोळा संघ उतरले तर एकूण सामने पंधरा होतात आणि आठ संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी परततात. त्यांचे वर्ष एका सामन्यात संपते. तेच आठ संघ साखळी पद्धतीने खेळले तर प्रत्येकाला सात सामने मिळतात. परभणी, पूर्णा, गंगाखेड, सेलू, जिंतूर, मानवत, पाथरी यांमधील अंतरे एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहेत. या गावांतील महाविद्यालयांनी रविवारच्या सामन्यांची साखळी ठरवली, तर तिला मोठे क्रीडागार लागत नाही. दोन गोलखांब, चुन्याच्या रेषा, एक पंच आणि एसटीचे भाडे एवढे पुरते. रहीम यांनी हैदराबादमध्ये केले ते काम याच जातीचे होते.

यावर आक्षेप संभवतो की, पाण्याची टंचाई, रिक्त पदे आणि घटती पटसंख्या यांनी गांजलेल्या महाविद्यालयांना फुटबॉलची चैन कशी परवडावी? आक्षेप खोटा नाही. परंतु मैदान हे महाविद्यालयाकडे आधीच असते. परीक्षेचा हंगाम सोडला तर संध्याकाळी ते रिकामे असते आणि फाटकाला कुलूप असते. नुकसान, भांडणे, जबाबदारी कोणाची, ही कुलपामागची कारणेही समजण्यासारखी आहेत. मात्र मूल्यमापनाच्या अहवालात पदके मोजली जातात, मैदान किती तास व कोणासाठी उघडे होते हे मोजले जात नाही. त्यामुळे कुलूप उघडण्याची निकड कोणालाच भासत नाही. पदक मिळवणारा विद्यार्थी बहुधा अन्यत्र घडलेला असतो. आपल्या मैदानावर कोण घडले, या प्रश्नाचे उत्तर त्या अहवालात सापडत नाही. मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक तीव्र आहे. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, त्यातील सामने नवी मुंबईतही झाले. तरी तालुक्याच्या गावी मुलीने संध्याकाळी निर्धास्तपणे खेळावे अशी जागा शोधू गेल्यास, महाविद्यालयाच्या कुंपणाच्या आतल्या मैदानाइतकी सोयीची दुसरी जागा क्वचितच सापडेल. म्हणजे ‘झुंड’मधील भिंतीचा एक उपयोगही आहे; तिला दार असावे आणि ते उघडावे, एवढीच अट.

समारोप

‘मैदान’ हा चित्रपट अभिमान देतो, ‘झुंड’ अस्वस्थता देतो. कलाकृती म्हणून ‘झुंड’ श्रेष्ठ ठरतो, कारण पराभवाचे कारण माणसांच्या स्वभावात न शोधता समाजाच्या रचनेत शोधण्याचे धाडस त्यात आहे. परंतु दोन्ही चित्रपट उद्धारकर्त्याच्या प्रतीक्षेत सोडून जातात, ही त्यांची समान मर्यादा होय. इतिहास वेगळे सांगतो. हैदराबादला पोलीस खाते होते, मुंबईला गिरण्या होत्या, कोल्हापूरला तालमी आहेत. परभणीसारख्या जिल्ह्यात पोलीस खात्याचा तसा संघ नाही, गिरण्यांचे संघ नाहीत, तालमींना फुटबॉलची सवय नाही. मैदान, शिक्षक आणि तरुण मुले-मुली ही तिन्ही एकत्र असलेली संस्था येथे महाविद्यालय हीच आहे.

रहीम आणि बारसे हे दोघेही शिक्षक होते, ही बाब दोन्ही चित्रपट दाखवतात. तिचा अर्थ मात्र ते लावत नाहीत. दोघांनीही शिकवण्याचे काम वर्गाच्या दाराशी संपते असे मानले नाही. तो अर्थ लावण्याचे काम आता प्राध्यापकांकडे येते. त्याचा आरंभ फार थोर गोष्टीने व्हावयास हवा असे नाही. संध्याकाळी पाच वाजता मैदानाची किल्ली कोणाकडे असते, आणि ती कोणासाठी फिरते, एवढे प्रत्येक महाविद्यालयाने तपासले तरी पुरेसे आहे.